मोठं कॅबिनेट, रिकामं कॅबिनेट

गेमिंग पीसी जुळवणारा माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरून महिनाभर डोकेफोड करतो आणि कॅबिनेटचा, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं त्या डब्याचा, विषय निघाला की म्हणतो, "उरलेल्या पैशात बसेल ते घेऊ." मला हे पटत नाही. प्रोसेसर चार-पाच वर्षांत म्हातारा होतो, कार्ड त्याच्याही आधी. कॅबिनेट मात्र टिकतं. इंटेलने एटीएक्सची, म्हणजे मदरबोर्डाच्या (सगळे भाग जिला जोडतात ती मुख्य पाटी) प्रमाण आकाराची, मापं 1995 साली ठरवली आणि तो बसवायची भोकं अजून त्याच जागी आहेत. म्हणून मी आधी कॅबिनेट बघतो, आणि मोठंच बघतो.

गंमत अशी की त्यात ठेवायला आता फारसं काही उरलेलंच नाही. एके काळी आत डीव्हीडी रायटर असायचा, दोन-तीन हार्ड डिस्क, साउंड कार्ड, एखाद्या हौशीकडे टीव्ही ट्यूनर, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या त्या रुंद, राखाडी पट्ट्यांसारख्या केबली. आता हार्ड डिस्कच्या जागी आलेली एसएसडी म्हणजे 22 बाय 80 मिलिमीटरची चिप्पी. मदरबोर्डावरच एका स्क्रूने आडवी झोपते. दोन ग्राफिक्स कार्डं जोडायची हौसही सरली. एनव्हिडिया या कार्डं बनवणाऱ्या कंपनीने 2021 पासून एसएलआयची (तिची कार्डं जोडायची सोय) नवी प्रोफाइल देणंच बंद केलं.

सगळे गेले आणि त्यांची जागा एकट्या ग्राफिक्स कार्डाने बळकावली. 2016 मधलं एनव्हिडियाचं स्वतःचं जीटीएक्स 1080 हे 267 मिलिमीटर लांब होतं आणि 180 वॅट खायचं. 2022 चं आरटीएक्स 4090 झालं 304 मिलिमीटर आणि 450 वॅट. त्याचीच असूसची स्ट्रिक्स आवृत्ती तर 357 मिलिमीटरच्या वर. एटीएक्स बोर्ड 305 बाय 244 चा, आणि कार्ड बसतं त्या 244 च्या बाजूने. म्हणजे ज्याच्या जिवावर उभं राहायचं तो बोर्ड संपून गेल्यावरही कार्ड अर्धी वीत पुढे लोंबकळत असतं. त्याला खालून टेकू द्यावा लागतो, आणि असे टेकू आता राजरोस विकत मिळतात.

इथे खरेदीतली मेख आहे. खोक्यावर छापलेलं असतं, '400 मिलिमीटरपर्यंत कार्ड बसेल'. हे आकडे फ्लॅटच्या सुपर बिल्ट-अप एरियासारखे वाचावेत. समोरच्या बाजूला प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पाण्याचा 360 मिलिमीटरचा रेडिएटर लावला की त्याची जाडी साधारण 27, वर पंखा 25. हे वजा करून जो उरतो तो तुमचा कार्पेट एरिया. रेडिएटर वर छताला लावणार असाल तर हिशेब बदलतो, पण मग मदरबोर्डाच्या वरच्या कडेपाशी कोंडी होते.

त्या कडेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मोठ्या कॅबिनेटचं खरं सुख तिथे कळतं. प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा सॉकेट बोर्डाच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. लहान कॅबिनेटमध्ये वर रेडिएटर, मागे पंखा, आणि त्या सांदीत दोन बोटं घालून तो ताठ प्लग दाबायचा. क्लिक झालं की नाही ते दिसत नाही, नुसतं ऐकायचं. बोर्ड कण्हल्यासारखा वाकतो, नखाखाली पत्र्याची कड लागते, आणि नेमका तेव्हाच एक स्क्रू सुटून बोर्डाच्या मागे जातो. मोठ्या कॅबिनेटात आख्खा पंजा आत जातो. बोर्डाच्या मागेही केबलींना ऐसपैस जागा असते; झाकण गुडघ्याने रेटून लावावं लागत नाही. कंपन्या मोठ्या कॅबिनेटची जाहिरात पंख्यांच्या संख्येवर करतात. त्यांनी तळहाताचं माप छापावं, मी जास्त पैसे देईन.

पंख्याचंही तसं खरंच आहे म्हणा. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी. फ्रॅक्टल कंपनीच्या टॉरेंट या कॅबिनेटला पुढे 180 मिलिमीटरचे दोन पंखे असतात, आणि मे महिन्यात ते पाहून जिवाला बरं वाटतं. पण मोठं म्हणजे किती, यालाही मर्यादा आहे. कोर्सेअरच्या 1000डी मध्ये समोर 480 चे दोन रेडिएटर शेजारीशेजारी बसतात. उंची जवळपास 70 सेंटिमीटर, वजन साडेएकोणतीस किलो, तेही रिकाम्याचं. ते टेबलाखाली जात नाही, टेबलावर शोभत नाही, आणि जमिनीवर ठेवलं तर फरशी पुसणाऱ्या ताई म्हणतात, "दादा, हे सरकतं का?"

जमिनीवर ठेवणाऱ्यांनी खालची जाळी आधी बघावी. एसएमपीएस (आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) बहुतेक कॅबिनेटांत तळाशी असतो आणि तो खालूनच हवा ओढतो, म्हणजे केस, धूळ, पोछ्याचे शिंतोडे सगळं त्याच्या वाटेत. जाळी मागून निघत असेल तर अख्खं धूड भिंतीपासून ओढायचं. पुढून किंवा बाजूने निघत असेल तर रविवारी नळाखाली धरून मोकळं.

ज्याच्यासाठी कॅबिनेट घ्यायचं होतं त्या भाच्याला हे काही नको होतं. त्याला पुढूनही काच हवी होती.

"मामा, तू किती जुनाट आहेस! आतले लाइट कसे दिसणार?"

"दिसतील रे. त्यांच्यावरची धूळही दिसेल."

शेवटी एका बाजूला काच, पुढे जाळी, असा तह झाला. मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे खरं नाव, पण त्या नावाने टॅक्सीवाला दोनदा विचारतो) मोठी कॅबिनेटं बऱ्याचदा उघडी मांडलेली नसतातच. दुकान दहा फुटांचं, माल गोदामात. दुकानदार मोबाइलवर फोटो दाखवतो आणि पोऱ्याला पाठवतो. दहा मिनिटांनी पोऱ्या डोक्यावर खोकं घेऊन येतो. खोकं उघडून काच बघून घ्यायची, चारही कोपरे, मगच पैसे.

तिथून ग्रँट रोड स्टेशन पायी जवळ. दुपारची बोरिवली स्लो, लगेजचा डबा. खोकं उभं केलं तर भाच्याच्या छातीला लागत होतं. पाटीला टेकून बसलेल्या एका मावशींनी ते वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"फ्रीज का रे?"

"नाही हो, कॉम्प्युटरचं कॅबिनेट."

"आत काय आहे?"

"अजून काही नाही," भाचा म्हणाला. "कार्डाचे पैसे दिवाळीनंतर."