तो माणूस म्हणून कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे तुम्ही नेहमीच विचारता. गोव्यात, आमच्या फोंड्यात, संध्याकाळी रस ऑम्लेटच्या गाड्यावर उभा असलो की कोणी ना कोणी जुना विद्यार्थी गाठतोच. "सर, तुम्ही एवढी वर्षं मैदानावर काढलीत, सांगा ना, तो माणूस म्हणून कसा असेल?" यातला 'तो' सारखा बदलतो. कधी कोहली, कधी हार्दिक. २२ ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर मडगावला फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाशी खेळायला आला आणि रोनाल्डो काही आला नाही, त्यानंतर बरेच दिवस 'तो' म्हणजे रोनाल्डो होता. एक म्हणाला, "माजलाय, दुसरं काय!" दुसरा त्याच्या अंगावर धावला. दोघांचीही ऑम्लेटं गार झाली. आपण २-१ ने हरलो होतो आणि आपला गोल ब्रायसन फर्नांडिसने केला होता, पण त्याचं नावही कोणी काढेना. याच रोनाल्डोचा पुतळा डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला उभा राहिला, तेव्हा काळे झेंडे घेऊन आलेले लोक होते आणि त्याच्या पायाशी सेल्फी काढणारेही होते. तो कसा माणूस आहे, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मला विचाराल तर मी पीटीचा मास्तर. बत्तीस वर्षं पोरांना पळवलं आणि सुट्टीत गावोगावच्या स्पर्धांत शिटी फुंकली. खेळाडूंच्या जवळ मी होतो हे खरं. म्हणूनच एक गोष्ट सांगतो.

आमच्या शाळेत एक पोरगा होता, बचावफळीत खेळायचा. समोरचा पडला की हा धावत जाऊन हात द्यायचा, त्याला उठवायचा, पाठीवर थाप मारायचा. बाहेर उभे असलेले पालक टाळ्या वाजवायचे. एका स्पर्धेत तर पाहुण्यांनी भाषणात त्याच्या खिलाडूवृत्तीचं कौतुक केलं. मी शिटी घेऊन तीन हातांवर असायचो, म्हणून मला दिसायचं: उठवता उठवता तो दुसऱ्या हाताने समोरच्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते तिथे, सणसणीत चिमटा काढायचा. चेहऱ्यावर हसू तसंच. समोरचा कळवळून हात झटकायचा आणि लोकांना वाटायचं, काय हे उद्धट पोर, मदत करणाऱ्याला झिडकारतंय!

म्हणजे तो पोरगा वाईट निघाला, असं तुम्ही आता ठरवलंत ना? मीही ठरवलं होतं. आज त्याची स्वतःची टेम्पो आहे, आणि माझ्या बायकोला रात्री दोन वाजता बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेणारा तोच होता. पैसे घेतले नाहीत. चिमटाही खरा आणि ही रात्रही खरी. तीन हातांवरून मला एवढंच कळलं होतं. तुम्ही तर टीव्हीवरून बघता.

दक्षिण आफ्रिकेचा हॅन्सी क्रोनिए आठवतो? सभ्य, देवभीरू, शिस्तीचा कप्तान. मी वर्गात पोरांना त्याचं उदाहरण द्यायचो. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी त्याचं बुकीशी फोनवर झालेलं बोलणं उघड केलं. आधी त्याने हात झटकले, मग चारच दिवसांत बुकींकडून पैसे घेतल्याचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, आता कोणाचं उदाहरण?" मी पोरांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

बरं, नावं ठेवणं काही आजचं नाही. भातकापणी झाली की मळ्यात पोफळीच्या खांबांचे गोल उभे राहायचे, आणि तिथे ज्या शिव्या ऐकू यायच्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. रेफ्रीला तर जास्तच. पण गोलकीपरला शिवी घालायची तर आधी बघावं लागायचं, की गोलमागे त्याचा मामा उभा आहे का. बहुतेक असायचाच. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही त्याच पोदेराच्या सायकलीपाशी पाव घ्यायला उभं राहायचं असायचं. त्यामुळे शिवी खेळापुरती राहायची. फारच झालं तर मामाची एक थोबाडीत, आणि चवथीला पुन्हा एकत्र आरती.

फोनमध्ये गोलमागे मामा नसतो. ४ सप्टेंबर २०२२ ला दुबईत अर्शदीपच्या हातून पाकिस्तानच्या असिफ अलीचा झेल सुटला. झेल सुटतात, माझ्या हातून तर लग्नात नारळ सुटला होता. पण त्या रात्री कोणीतरी विकिपीडियावरच्या त्याच्या पानात खलिस्तान घुसडलं. त्याच्या आदल्या वर्षी पाकिस्तानकडून हरल्यावर शमीच्या धर्मावर लोक उतरले, कोहली त्याच्या बाजूने बोलला, तर कोहलीच्या वर्षाच्याही न झालेल्या मुलीबद्दल धमकी आली. त्या प्रकरणात पोलिसांनी धरला तो चांगला शिकलेला तरुण इंजिनिअर. गाड्यावर माझ्या शेजारी उभा असता तर मी त्याला ऑम्लेटवरचा कांदा पुढे केला असता.

हे मी वरून बोलत नाही. २० डिसेंबर २०१५ ला मी फातोर्ड्याला होतो. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलची फायनल, एफसी गोवासमोर चेन्नईयन. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला, आपण २-१ ने पुढे. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला. नव्वदाव्या मिनिटाला आपलाच गोलकीपर, गोव्याचाच पोरगा लक्ष्मीकांत कट्टीमणी, त्याच्या नावावर स्वयंगोल लागला. वरच्या वेळेत मेंडोझाने तिसरा मारला. संपलं.

परतताना बोरी पुलावर गाड्या अडकल्या होत्या. मी मागच्या सीटवर बसून आमच्या माजी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, "कोणीतरी त्याला विचारा, कुठल्या संघाकडून खेळत होता." लगेच अकरा हसरे चेहरे आले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. पोटात जी कळ होती तिला एक नाव मिळालं होतं. मग एकाने लिहिलं, "भाऊ, माझा मुलगाही गोलात उभा राहतो." बस्स, एवढंच. आमच्याच शाळेतला गणिताचा मास्तर, पंचवीस वर्षं एका टेबलावर चहा घेतलेला. पूल ओलांडेपर्यंत मी काय उत्तर द्यावं याचा विचार केला, आणि दिलं नाही.

२० मार्च २०२२. पुन्हा फातोर्डा, पुन्हा फायनल, पुन्हा कट्टीमणी, फक्त आता हैदराबादच्या गोलात. समोर केरळ ब्लास्टर्स, सगळं स्टेडियम पिवळं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आपल्याच साहिल ताव्होराने बरोबरी साधली. मग पेनल्टी, आणि कट्टीमणीने त्यातल्या तीन अडवल्या. हैदराबादने करंडक उचलला.

ग्रुपवर पूर आला. "काय जिद्द!" "ह्याला म्हणतात चारित्र्य." "माणूस असावा तर असा." २०१५ ला हसरे चेहरे टाकणारी तीच मंडळी. मीही लिहायला घेतलं होतं, की संयमाचं फळ वगैरे. मग तो चिमटा आठवला, बांबोळीची रात्र आठवली. त्याच्या संयमाबद्दल मला काय माहीत? सगळं पुसलं आणि लिहिलं, "तीन पेनल्टी अडवल्या. मस्त."

गणिताच्या मास्तरने नुसता अंगठा टाकला.