तुम्ही विचारलंत म्हणून: तलंग ही कोंबडीची कुठली जात?

कुठलीच नाही. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ‘तलंगा गट वाटप’ असं वाचलं की हा प्रश्न हमखास येतो. गिरिराज, वनराज, कडकनाथ ही वाणांची नावं झाली. तलंग हे वयाचं नाव आहे. गाईच्या बाबतीत कालवड, म्हशीच्या बाबतीत वगार, तशी कोंबडीत तलंग: पिल्लूपण संपलेली, पण अजून अंड्यावर न आलेली, म्हणजे अंडी द्यायला न लागलेली मादी. शब्द स्त्रीलिंगी, ती तलंग, त्या तलंगा. ‘एक तलंगा घेतला’ हे चूक. नराला तलंग म्हणत नाहीत, तरी सरकारी ‘तलंगा गटा’त 8 ते 10 आठवड्यांच्या 25 माद्यांबरोबर 3 नर येतात! ते असतात म्हणूनच अंडी फळतात. आठ-दहा माद्यांमागे एक नर हा जुना हिशेब आहे.

याच्या अगदी जवळचा शब्द ज्ञानेश्वरीत आहे. पहिल्या अध्यायात शरदाच्या चंद्रकळेतले कोवळे अमृतकण ‘वेंचिती मनें मवाळें चकोरतलगें’. चकोरतलगें म्हणजे चकोराची पिल्लं. तिथे तलग चकोराचं, आणि त्यात नर-मादी हा भेद नाही. आजच्या तलंगेत कोंबडीही ठरलेली आणि मादीही. चांदणं वेचणाऱ्या पिल्लापासून खुराड्यापर्यंतचा हा प्रवास मला तरी घसरण वाटत नाही. शब्द जिवंत राहिला तो खुराड्यामुळेच.

आता व्यवहाराचं. साधारण आठ आठवड्यांनी कृत्रिम उबेची गरज संपलेली असते, पिसं पूर्ण भरलेली असतात, नर-मादी ओळखू येतात. इथून तलंग म्हणायचं. अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या 18 ते 20 आठवड्यांत अंड्यावर येतात, गावठी कोंबडीला सहा-सात महिनेही लागतात. म्हणून ‘तलंग किती आठवड्यांची’ हे विचारल्याशिवाय भाव करू नये. दहा आठवड्यांची आणि सोळा आठवड्यांची, दोन्ही तलंगाच. मधल्या दीड महिन्याचं खाद्य कोणाच्या खिशातून जाणार, एवढाच प्रश्न.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईने. लवकर अंडी मिळावीत म्हणून तलंगांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालतात. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. वाढीच्या खाद्यात ते एक टक्क्याच्या आसपास पुरतं. अंडं तयार होत नसताना जादा कॅल्शियम बाहेर टाकायचा भार मूत्रपिंडावर पडतो, आणि धडधाकट दिसणारे पक्षी एकेक करून मरू लागतात. दुसरी घाई उजेडाची. वाढीच्या काळात रात्री दिवे लावून दिवस लांबवला की तलंग शरीर भरण्याआधीच अंड्यावर येते. मग अंडी बारीक राहतात आणि अंडं घालताना अंग बाहेर येतं. ते लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. वजन भरल्यावर, अंड्यावर येण्याच्या सुमारास मात्र उजेड थोडा थोडा वाढवत दिवसाचे एकूण 16 तासांपर्यंत न्यावा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, आठव्या आठवड्याच्या सुमाराची लस झाली आहे का, हे घेतानाच विचारावं. जंतनाशकही अंड्यावर येण्याआधीच उरकलेलं बरं.

अंड्यावर येऊ घातलेली तलंग ओळखणं सोपं आहे. फिकट, आखूड तुरा मोठा होऊन लालभडक होतो. पाठीवर हात ठेवला की पळण्याऐवजी ती दबून बसते. गुदद्वाराच्या खालची दोन टोकदार हाडं चाचपावीत: आधी जेमतेम एक बोट मावतं, मग दोन. ती अंड्यासाठी कोपरे शोधायला लागण्याआधी अंडी घालायची खोकी तयार ठेवावीत, चार-पाच पक्ष्यांमागे एक, लांबी-रुंदी-उंची फूटभर. एकदा जमिनीवर घालायची सवय लागली की मोडत नाही.

बाजारात फसगत होते ती उलट्या बाजूने. पिसं झडण्याच्या काळात जुन्या कोंबडीचं अंडं बंद होतं. तिचाही तुरा फिकट पडतो, हाडंही जवळ येतात, आणि ती तलंग म्हणून खपवली जाते. तुरा सोडा, पाय पाहा. तलंगेच्या पायाचे खवले गुळगुळीत, चकचकीत असतात. जुनीचे खरखरीत, उचललेले. मग छातीच्या हाडाचं मागचं टोक बोटाने दाबा. तलंगेचं लवतं, कारण ते अजून कूर्चेचं असतं. जुनीचं ताठ राहतं.

पहिलं अंडं घातलं की नाव बदलतं, कोंबडी झाली. तरी सुरुवातीची अंडी उबवायला ठेवू नयेत. ती लहान असतात, त्यातली पिल्लंही किरकोळ निघतात. अंड्याचा आकार स्थिरावेपर्यंत ती खाण्यातच जाऊ द्यावीत.