चौथीतल्या मुलांना कळेल असे कासव

मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे झेपावताना पाहून आलेल्या चौथीच्या मुलांना मी एका ऑनलाइन ज्ञानकोशातील लेख उघडून दिला, तेव्हा ‘सरीसृप’ (म्हणजे सरपटणारा प्राणी) या शब्दापाशीच त्यांचे वाचन थांबले. मादी वाळूत खड्डा करून एका वेळी साधारण १०० अंडी घालते, ती वाळूने झाकून समुद्रात परतते आणि सुमारे ४५ ते ६० दिवसांनी, वाळूच्या उबेवर, पिल्ले बाहेर येतात, एवढे सांगायला त्या शब्दाची गरजच नव्हती. (पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते, हे ऐकून तर वर्गात गोंधळच उडाला.)

फ्रेंच मुलांसाठी २००६ पासून ‘विकिडिया’ हा सोप्या भाषेतला ऑनलाइन ज्ञानकोश आहे, जर्मन मुलांसाठी २०१४ पासून तसाच ‘क्लेक्सिकॉन’. मराठीत विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर उपलब्ध आहेत, पण त्यांचा वाचक प्रौढ आहे. माझ्या मते नवे संकेतस्थळ उभारण्याआधी शिक्षकांनी आपल्या परिसरातील मोजक्या विषयांवर, म्हणजे खाडी, आंबा, कातळशिल्पे, सिंधुदुर्ग किल्ला यांवर, लहान वाक्यांचे लेख लिहावेत आणि ते प्रथम मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावेत. मूल जिथे अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहावे. कासवाचा लेख आम्ही असाच तीनदा बदलला.