प्रिंटर दिसत नाही, इथपासूनची आमची वाटचाल

लिनक्स या संगणकप्रणालीवर प्रिंटर आणि स्कॅनर चालू करून देणं, एवढाच आमचा धंदा. कॅमेरे, वेबसाइट, हिशेबाची सॉफ्टवेअरं ही कामं आम्ही मागणी असतानाही घेतली नाहीत. सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा कॉलेजातला मित्र. तो मशिनशी बोलायचा, मी गिऱ्हाइकाशी.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक वकील. त्यांच्या टेबलावर छोटा लेझर प्रिंटर होता. त्या जातीच्या प्रिंटरला स्वतःची अक्कल नसते, पान रचायचं काम संगणकाचं आणि याने फक्त ते कागदावर उठवायचं. वर त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, तोही त्याच्या पोटात टिकत नसे. दर वेळी चालू केला की संगणकाने ते नव्याने पाठवायचं. विंडोजवर हे गुपचूप होतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. वकीलसाहेब रात्री बटण बंद करून जायचे आणि सकाळी पहिलंच पान अडकायचं. रिक रिचर्डसन यांनी अशा प्रिंटरांसाठी लिहिलेला फूटूझेडजेएस ड्रायव्हर (संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी प्रोग्राम) नसता तर आम्ही पहिल्याच महिन्यात गाशा गुंडाळला असता. प्रिंटर जोडला जाताच फर्मवेअर आपोआप जावं, असा यूडेवचा (यंत्र जोडलं की काय करायचं ते बघणारा लिनक्सचा भाग) नियम भागीदाराने दोन संध्याकाळी खपून तिथे बसवला. मग स्कॅनर. रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, पाहिलं तर दिसतो, साहेबांच्या लॉगिनने दिसत नाही. या धंद्यातल्या प्रत्येकाने हा प्रकार भोगलाय. स्कॅनर बिघडलेला नसतो, परवानगी नसते.

आमची हत्यारं तीनच: लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच लिनक्स चालू होतो), खात्रीची आखूड यूएसबी केबल आणि भागीदाराची वही. एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की जोडलेल्या यंत्राचे जे दोन आकडे दिसतात, कंपनीचा आणि मॉडेलचा, ते तो वहीत लिहायचा आणि पुढे कुठला बॅकएंड, म्हणजे स्कॅनरचा ड्रायव्हर, चालला ते. सेन या लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत 'पूर्ण चालतो' म्हटलेलं यंत्र कागद आपोआप ओढताना कुठे अडतं, तेही त्याच वहीत असायचं.

आता २०१२ नंतरची गोष्ट, जी मी अजून विसरलेलो नाही. कप्स म्हणजे लिनक्सवरची छपाईची यंत्रणा, तिच्या १.६ आवृत्तीतून जुनं ब्राउझिंग काढून टाकलं गेलं. तोवर सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने नेटवर्कवर हाळी द्यायचा, माझ्याकडे हे हे प्रिंटर आहेत, आणि बाकीची मशिनं ती ऐकून आपापली यादी भरायची. नव्या आवृत्तीत तो कारभार डीएनएस-एसडी या नेटवर्कवर सेवा शोधायच्या वेगळ्या पद्धतीकडे गेला. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा, एका संस्थेचा, सर्व्हर आम्ही रविवारी अपग्रेड केला. चाचणीपान सर्व्हरवरूनच काढलं, स्वच्छ निघालं, कुलूप लावून घरी आलो. सोमवारी ३४ मशिनं आणि एकावरही प्रिंटर नाही.

दोन दिवस आम्ही चुकीच्या जागी खणत बसलो. केबल बदलल्या, ड्रायव्हर काढून पुन्हा घातले. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये काही सापडेना, कारण सर्व्हरचं काही बिघडलंच नव्हतं. बुधवारी सकाळी भागीदाराला उमगलं: जुनी मशिनं अजून हाळीची वाट बघत आहेत आणि हाळी देणारं कुणी उरलेलं नाही. प्रत्येक मशिनच्या क्लायंट डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या नावाची एक ओळ घातली. अकरा वाजता सगळीकडून कागद निघत होते. एक वाजता करार रद्द झाल्याचं पत्र हातात पडलं.

त्या दोन दिवसांत आमचा एक स्पर्धक तिथे जाऊन आला होता. 'लिनक्सवर प्रिंटर टिकतच नाहीत' असं त्याने सांगितलं. चूक आमची होती, ती मी मान्य करतो. सर्व्हरवरून काढलेलं चाचणीपान म्हणजे चाचणी नव्हेच. पण चालू झालेलं काम बंद पाडून त्याने काय दिलं? प्रत्येक प्रिंटरशेजारी विंडोजचं एक मशिन. लोक पेनड्राइव्ह घेऊन रांगेत उभे राहू लागले आणि त्याला 'व्यवस्था' म्हणू लागले. हेच वाक्य सांगून त्याने आमची आणखी दोन कामं नेली. त्याच वर्षी भागीदाराने नोकरी धरली, त्याच्या घरी महिन्याचा पगार हवा होता. वही मात्र माझ्याकडे ठेवून गेला.

स्पर्धक वकीलसाहेबांकडेही गेला होता. त्यांनी त्याच्यासमोर एक पान छापलं आणि म्हणाले, "हे कुठून निघालं ते बघा." संध्याकाळी मला बोलावून पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ दिले. त्यावर मी तग धरला.

पुढची वर्षं नीट गेली. दरम्यान प्रिंटर शहाणे झाले. आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट या छपाईच्या ठरलेल्या भाषा बोलणाऱ्या प्रिंटरला ड्रायव्हर लागत नाही, ईएससीएल ही स्कॅनिंगची भाषा बोलणारा स्कॅनर सेन-एअरस्कॅन या ड्रायव्हरला आपोआप सापडतो आणि आयपीपी-यूएसबी या प्रोग्राममुळे केबलने जोडलेलं यंत्रही नेटवर्कवर असल्यासारखं वागतं. आता तोच स्पर्धक 'विनाड्रायव्हर छपाईचे तज्ज्ञ' अशी पाटी लावून बसलाय. याचं वाईट वाटतं, ते लपवत नाही.

तुम्ही प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर लिनक्स शब्द शोधू नका, एअरप्रिंट शोधा आणि ओपनप्रिंटिंग या लिनक्सवरच्या छपाईच्या प्रकल्पाच्या यादीत मॉडेल बघा. बहुकामी यंत्र असेल तर नुसती छपाई बघून पैसे देऊ नका, ट्रेमधून दहा कागद स्कॅन करून घ्या. पान कडेला कापलं जात असेल तर आधी कागदाचा आकार तपासा, बहुतेकदा ए-४ च्या जागी लेटर हा अमेरिकी आकार लागलेला असतो. आणि अपग्रेडनंतरची चाचणी सगळ्यात जुन्या मशिनवरून करा.

कप्स ३ मध्ये पीपीडी, म्हणजे प्रिंटरची माहिती देणाऱ्या आणि जुन्या ड्रायव्हरांना लागणाऱ्या फाइली, जाणार आहेत. वकीलसाहेबांचा तो प्रिंटर अजून त्यांच्या टेबलावर आहे आणि त्याला पीपीडीशिवाय कळत नाही. जुने ड्रायव्हर सांभाळणारं प्रिंटर ॲप्लिकेशन मी माझ्याकडच्या दुसऱ्या मशिनवर आत्तापासून चालवून बघतोय. त्याच मॉडेलचा एक जुना प्रिंटर मुद्दाम शोधून आणलाय, रोज रात्री बंद करतो आणि सकाळी पहिलं पान काढतो.