दोन दाखले

मी फ्लोरिडात एका क्रूझ टर्मिनलवर चेक-इनच्या काउंटरला असते. काम जहाजावर नाही, किनाऱ्यावर. जहाज लागेल त्या दिवशी जायचं, तासावर पगार, सहा-सात तास उभं राहायचं. लोकांना वाटतं आम्ही तिकिटं तपासतो. तिकीट यंत्र तपासतं. आम्ही बघतो ते एवढंच, की हा माणूस चार दिवसांनी परत आल्यावर त्याला या देशात उतरता येईल का. ते जाण्याआधीच ठरवावं लागतं.

पासपोर्ट नसतानाही अमेरिकन नागरिकाला क्रूझवर जाता येतं, हे भारतातून येणाऱ्या आमच्या पाहुण्यांना खरंच वाटत नाही. बहामा, मेक्सिको, कॅरिबियन बेटं इथून विमानाने परतणाऱ्यांना २००७ च्या जानेवारीपासून पासपोर्ट सक्तीचा झाला. जमिनीवरून आणि समुद्रातून येणाऱ्यांसाठी १ जून २००९ पासून नियम कडक झाले, पण त्यात एक वाट मोकळी ठेवली. जहाज ज्या बंदरातून सुटलं त्याच बंदरात परत येणार असेल, तर नागरिकाला जन्मदाखला आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पुरतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना नुसता दाखला चालतो. यातली मेख अशी, की ही सवलत समुद्रापुरतीच आहे. बहामाच्या राजधानीत, नासाऊला, जहाज चुकलं किंवा कुणी आजारी पडलं आणि विमानाने परतायची वेळ आली, की तोच दाखला घेऊन विमानतळावर अडकायला होतं. पासपोर्ट काढा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

लग्नाआधी चार वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होते, कंत्राटी. त्यामुळे दाखला हातात आला की मी आधी वाचत नाही, आधी अंगठा फिरवते. उठावाचा शिक्का डोळ्यांआधी बोटाला कळतो. मग कागद उजेडात धरायचा, कडेची नक्षी बघायची. ती नुसती छापलेली असते की बारीक अक्षरांची रेघ असते, ते बघायचं. मग नोंदणीची तारीख, आणि सगळ्यात शेवटी दाखला दिल्याची तारीख. प्रत्येक राज्याचा कागद वेगळा, रंग वेगळा, काही ठिकाणी तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदललेला. हे मला येतं, आणि चांगलं येतं.

सगळ्यात जास्त रडू येतं ते हॉस्पिटलच्या दाखल्यावर. जाड कागद, सोनेरी सील, खाली बाळाच्या पावलांचे ठसे. आईने तीस वर्षं जपून ठेवलेला असतो. तो चालत नाही, कारण तो सरकारने दिलेला नाही. त्यानंतर नावं. बाईच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लायसन्सवर नवऱ्याचं, आणि मधला दुवा असलेला लग्नाचा दाखला घरी कपाटात. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि तिसरा प्रकार म्हणजे पोर्तो रिको.

पोर्तो रिको म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. ऑरलँडोच्या आसपास त्यांची मोठी वस्ती आहे आणि आमच्या रांगेत ते रोज असतात. तिथे पूर्वी शाळेत, चर्चमध्ये, नोकरीला, जिथे तिथे दाखल्याची प्रत ठेवून घ्यायची पद्धत होती. कपाटंच्या कपाटं भरलेली. चोरांनी ती फोडली आणि त्या दाखल्यांवर दुसऱ्यांनी पासपोर्ट काढायला सुरुवात केली. शेवटी तिथल्या सरकारने कायदा केला आणि १ जुलै २०१० च्या आधी दिलेले सगळेच्या सगळे जन्मदाखले रद्द केले. माणूस तोच, नोंद तीच, फक्त जुना कागद मेला. नवा काढून घ्यायचा. हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. क्रूझच्या बुकिंगच्या ईमेलमध्ये मात्र तेव्हा 'जन्मदाखला आणि ओळखपत्र' एवढंच असायचं. जुलै २०१० ची गोष्ट कंपनीच्या संकेतस्थळावर चार पानं आत होती. मला याचा तेव्हाही राग होता, आजही आहे.

मार्च २०१९ मधला रविवार. शाळांना सुट्ट्या, टर्मिनल तुडुंब. पावणेएकच्या सुमारास माझ्या काउंटरवर एक कुटुंब आलं, चौदा जण, सगळ्यांच्या अंगात जांभळे टी-शर्ट, पाठीवर मोठा ८० चा आकडा. आजींचा ऐंशीवा वाढदिवस जहाजावर करायचा होता. चार रात्री, नासाऊ आणि परत. आजी व्हीलचेअरमध्ये, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

तेरा जणांचं सगळं नीट होतं. आजींचा दाखला प्लास्टिकच्या पाकिटात होता. घड्या इतक्या जुन्या की चौकोन सुटे व्हायला आले होते. मी अंगठा फिरवला. शिक्का होता, खरा होता. टाइप केलेली नावं, रजिस्ट्रारची शाईची सही. दिल्याची तारीख १९५८.

बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की आठवते, कारण अशा वेळी पडद्यावर नोंद करावी लागते.

मी त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. ती पंचावन्नच्या आसपासची, शाळेत नोकरी करणारी, शांत बाई. ती म्हणाली, "पण आम्ही मागच्या वर्षी सान हुआनला जाऊन आलो." बरोबर आहे. पोर्तो रिकोला जायचं म्हणजे देशातल्या देशात जायचं, तेव्हा नुसत्या लायसन्सवर विमानात बसता यायचं. म्हणूनच आजींना आयुष्यात पासपोर्टची गरज पडली नव्हती. मागून रांगेतला एक गृहस्थ मोठ्याने म्हणाला, परदेशी लोकांनी व्हिसा काढून यावं. आजी नागरिक म्हणून जन्मल्या, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही आणि उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं.

सुपरवायझरला बोलावलं. तिने तारीख बघितली, मान हलवली आणि कुटुंबाला बाजूच्या बाकांकडे पाठवलं. ती वाईट नाही, आवाजही चढवत नाही. पण 'नाही' म्हणून झालं की तिचं काम संपतं. त्यापुढे काही शोधता येईल का, हा प्रश्न तिच्या कामात बसत नाही. नातवंडांनी सुचवलेलं सगळं मीच एकेक करून खोडून काढलं. आज नवा दाखला मिळेल का? रविवार. उद्या विमानाने नासाऊला जाऊन जहाज गाठू? विमानाला पासपोर्ट. तातडीचा पासपोर्ट? त्यालाही हाच दाखला लागतो, नवा. माझी उत्तरं बरोबर होती आणि भराभर येत होती. मी काउंटरवर परत गेले आणि पुढची दहा-बारा कुटुंबं आत सोडली.

एक पंचवीसला माझ्या लक्षात आलं, की आजींचं लायसन्स माझ्याकडेच राहिलंय, कीबोर्डच्या बाजूला. परत द्यायला उचललं आणि कोपऱ्यातली सोनेरी चांदणी दिसली.

फ्लोरिडाच्या लायसन्सवर ती चांदणी फुकट येत नाही. ती मिळवायला लायसन्सच्या ऑफिसात पासपोर्ट नाहीतर जन्मदाखला दाखवावा लागतो, आणि पोर्तो रिकोचा असेल तर जुलै २०१० नंतरचाच. आजींकडे पासपोर्ट कधी नव्हता. म्हणजे त्यांनी नवा दाखला कधीतरी काढला होता. तो कुठेतरी होता.

मी धावत बाकांकडे गेले. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. मुलीच्या कपाळावर आठ्या, आणि मग एकदम, "हो, मीच मागवला होता, पोस्टाने आला होता." आजींनी शांतपणे सांगितलं, की तो घरी पत्र्याच्या डब्यात आहे. का नाही आणला? कारण तो "त्या लायसन्सवाल्यांचा" होता. हा, हातातला, खरा. १९५८ साली एकोणीस वर्षांच्या असताना त्या न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हा त्यांच्या वडिलांनी रजिस्ट्रारच्या ऑफिसात रांगेत उभं राहून तो आणला होता आणि विमानतळावर हातात दिला होता. चांगल्या प्रवासाला चांगला कागद न्यायचा, म्हणून आणला.

घर किसिमीला. शेजारणीकडे किल्ली होती. फोन केला, ती गेली, डबा सापडायला वीस मिनिटं लागली. पावणेदोनला ती गाडी काढून निघाली. किसिमीहून इकडे यायला सव्वा तास. आमचं चेक-इन अडीचला बंद होतं, कारण चारला जहाज सुटतं आणि त्याआधी तासभर प्रवाशांची अंतिम यादी सरकारकडे गेलेली असावी लागते. यादी गेली की तिला कुणी हात लावत नाही.

शेजारणीने दाखल्याचा फोटो पाठवला होता. स्वच्छ फोटो, तारीख २०१४. मी तो सुपरवायझरला दाखवला आणि म्हटलं, छापून घेऊ या. काही कंपन्या नीट वाचता येणारी छायाप्रत चालवून घेतात, ते मला माहीत होतं. आमच्या नियमात तेव्हा मूळ किंवा प्रमाणित प्रत हातात हवी, असं होतं. ती नाही म्हणाली. मी पुन्हा मागितलं. तेव्हा तिने जहाजावर फोन केला, आणि हे तिच्या बाजूने सांगायला हवं, अडीचचे पावणेतीन करून घेतले. त्यापलीकडे नाही.

पावणेतीनला आजींनी सगळ्यांना जायला सांगितलं. मुलं ऐकेनात. मग त्यांनी आवाज चढवला, आणि त्या आवाजापुढे पन्नाशीतले मुलगेसुद्धा उठले. बारा जण आत गेले. मोठी मुलगी थांबली. सर्वांत धाकटी नात, आठेक वर्षांची, फिरून फिरून मागे बघत होती.

शेजारीण तीनला पोचली.

बारा पन्नासला मी ती चांदणी बघितली असती, तर तीच गाडी दोन पंचवीसला आली असती. पाच मिनिटं राखून. हा हिशोब मी त्या रात्री मांडला आणि अजून मांडते. लायसन्स माझ्या हातात होतं. त्यावरचा फोटो मी बघितला, नाव बघितलं, मुदत बघितली. चांदणी बघायची आमच्या तपासणीत गरज नसते, आणि मी दाखल्याच्या शिक्क्यात, सहीत, तारखेत गुंतले होते. मला दाखले कळतात, याचा मला अभिमान होता. दाखला नापास झाल्यावर बाईंकडे दुसरा असेल का, हे त्यांच्या ओळखपत्रावरच लिहिलेलं होतं आणि ते मी पस्तीस मिनिटं कीबोर्डपाशी पालथं ठेवलं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. शेजारच्या काउंटरवर नवीन भरतीचा एक मुलगा होता. तो दिल्याची तारीख बघत नसे. शिक्का दिसला की पुढे. आजी त्याच्या रांगेत लागल्या असत्या तर त्यांचा वाढदिवस समुद्रावर झाला असता. परत आल्यावर अधिकाऱ्यांनी कदाचित थांबवलं असतं, चौकशी केली असती, पण नागरिकाला स्वतःच्या देशात यायला कुणी नाही म्हणू शकत नाही. मग मी अडवलं ते कुणासाठी? नियम चुकीचा आहे असं मला वाटत नाही. त्या चोऱ्या खऱ्या होत्या, ज्यांच्या नावावर दुसऱ्यांनी कर्जं काढली ती माणसं खरी होती. तरी उत्तर पूर्ण होत नाही.

नगरपालिकेत असताना म्हातारी माणसं यायची, ज्यांची नोंदच नसायची. असली तर तहसीलच्या दप्तरात, गाव नमुना १४ मध्ये, कोतवालाने केलेली, मुलाचं नाव न लिहिता नुसतं 'मुलगा' म्हणून. जन्मतारीख विचारली तर १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिलेली. त्यांच्यासाठी मी रजिस्टरं उपसत बसायचे, जेवणाची सुट्टी घालवायचे. आता मी टेबलाच्या त्याच बाजूला आहे, कागद घेणाऱ्या बाजूला, पण उपसायला रजिस्टर नाही आणि मागे तीनशे माणसं उभी आहेत.

त्या दिवसापासून मी पोर्तो रिकोचा जुना दाखला दिसला की आधी लायसन्सचा कोपरा बघते. त्यानंतर दोनदा तरी घरून कागद वेळेत आला. कंपनीला लिहिलं, की ईमेलमध्ये एक ओळ घाला. सुपरवायझरने ते पत्र वर पाठवलं. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

माझी पाळी साडेतीनला संपली. बाहेर गाड्या थांबतात तिथल्या सावलीत आजी, मुलगी आणि शेजारीण बसल्या होत्या. जहाज अजून उभं होतं, वरच्या डेकवर जांभळे ठिपके दिसत होते. मी जवळ गेले, माफी मागितली. आजींनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी दोन्ही दाखले मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "मुली, दाखव तरी, फरक काय आहे?"

मी दाखवलं. नव्यावरचा कागद, नक्षी, तारीख. दोन्हींवर त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आईचं नाव, तोच गाव, तोच दिवस. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं, माझ्यासारखंच, शिक्क्यावर थांबून. नवा त्यांनी मुलीकडे दिला, सांभाळून ठेव म्हणाल्या. जुना घडी घालून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.