दिवे घाटातला काटा

ट्रक फार्गो. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातला, नंतर पर्किन्स डिझेल इंजिन बसवलेला. सासवडच्या अण्णांनी तो चाळीस वर्षं चालवला, आता मुलाने पुन्हा उभा केला. मीटरची पेटी मात्र गंजून संपली होती. मुलगा म्हणाला, "मिस्त्री, सहा हजारांत बसवा."

रविवारी जुन्या बाजारातून टाटा ४०७ चे तीन मीटर उचलले: पाणी, ऑईल, डिझेल. बल्ब, म्हणजे इंजिनात बसून मीटरला खबर देणारे सेन्सर, आणि टाकीतली पातळी सांगणारा फ्लोटही त्याच गाडीचे घेतले. मीटर एका जातीचा नि बल्ब किंवा फ्लोट दुसऱ्या जातीचा असला की ओहम, म्हणजे विजेचा रोध, जुळत नाहीत, आणि रिकामी टाकी अर्धी भरलेली दिसते. नाना पेठेत 'युनिव्हर्सल' म्हणून बल्ब विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गिऱ्हाईक मीटरला शिव्या घालतं, चूक बल्बची असते.

पाण्याचा बल्ब मी घरच्या पातेल्यात तारेने टांगला, शेजारी थर्मामीटर. पुण्यात पाणी १०० ला उकळत नाही, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर असल्याने ९८ च्या आसपासच उकळतं. म्हणून उकळी आली की १०० धरायचं, असं मी करत नाही. ६०, ७०, ८०, ९०, दर टप्प्याला गॅस बारीक करून काटा स्थिर होऊ दिला आणि डायलवर बारीक खूण केली. टाकीत पाच-पाच लिटर ओतून डिझेलच्या खुणा केल्या. टाकी खाली निमुळती, त्यामुळे काटा मधोमध असताना टाकी अर्धी नसते. हे काम मला आवडतं. यात घाई मी कुणाला करू देत नाही.

पॅनेल तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमचं. भोकं पाडून त्यावर काळं पावडर कोटिंग करून घेतलं. देखणं झालं होतं.

संध्याकाळी हडपसरहून निघालो. अण्णा चालवत होते, मी शेजारी. वडकी मागे पडली, घाट लागला, अंधार झाला. अण्णांनी दिवे लावले. दुसऱ्याच वळणावर ते म्हणाले, "मिस्त्री, काटा लालात गेलाय." आणि त्यांनी गाडी चढावर, वळणातच उभी केली. मागे ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, त्याच्या मागे एसटी, सगळे हॉर्न मारतायत. मुलाने उडी मारून चाकाला दगड लावला.

मी बोनेट उघडलं. रेडिएटरला हात लावला. गरम, पण जसं असायला हवं तेवढंच. वाफ नाही, वास नाही. परत डॅशबोर्डकडे पाहिलं तर डिझेलचा काटाही जागचा हललेला. पाणी तापलं म्हणून टाकीतलं डिझेल कशाला हलेल? दिवे बंद केले. दोन्ही काटे जागेवर. लावले, पुन्हा चढले.

घोळ अर्थिंगचा होता. अर्थ म्हणजे करंट परत जायची वाट. जुनी पेटी पत्र्याची, मीटरना बॉडीतूनच अर्थ मिळायची. माझं पॅनेल कोटिंगने झाकलेलं, त्यातून वीज जात नाही. दिवसा स्क्रूच्या आट्यांतून मिळेल तेवढ्या अर्थवर मीटर चालले. डायल उजळणाऱ्या छोट्या दिव्यांचा करंटही त्याच वाटेने परतायला लागल्यावर काटे चढले. टेबलावर प्रत्येक मीटरला अर्थचा चिमटा लावून तपासले होते, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं. गाडीत बसवल्यावर दिवे लावून एकदाही पाहिलं नाही.

तिथेच बॅटरीच्या प्रकाशात तिन्ही मीटरच्या बॉडीला एक वायर जोडून सरळ चॅसीवर आणली, वायरच्या टोकाच्या लगखालचा रंग खरवडला, बोल्ट आवळला. दिवे लावले. काटे हलले नाहीत.

सासवडला चहा घेताना अण्णा म्हणाले, "आवाज चांगला होता रे इंजिनाचा. तापलेलं इंजिन मला कानाला कळतं. तरी थांबलो. तू एवढं पातेल्यात उकळून काढलंयस म्हणून काट्याचं ऐकलं."

मला काही बोलता आलं नाही.

निघताना त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवून विचारलं, "आता घाटात काटा चढला तर थांबू का नको, तेवढं सांग."

"थांबा," मी म्हटलं. "पण वळणात नको. आणि आधी दिवे घालवून बघा."

त्यांनी मान डोलावली. त्यानंतर दोनदा त्यांचा फोन आला, दोन्ही वेळा दुसऱ्याच कामासाठी. मी मात्र दोन्ही वेळा आधी काट्याचंच विचारलं.