दिवसाला एकच फोडणी

रविवार, रात्र

लाईट आत्ता आली. दुपारी तीनला गेली होती, मध्ये एकदा पाच मिनिटं तोंड दाखवून परत गायब. फ्रीजमधलं सगळं चाचपून बघितलं, खवलेल्या नारळाचा डबा वाचलाय, दही मात्र आंबट ढाण झालंय. उद्या त्याची कढी करू म्हटलं आणि लगेच जीभ चावली, कढी म्हणजे परत गॅससमोर उभं राहणं आलं आणि संध्याकाळी गॅस पेटवायचा नाही हे माझं ठरलंय ना.

हे कसं ठरलं ते एकदा लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी विसरेन आणि परत तेच करेन. एप्रिलच्या शेवटी एक दिवस पतपेढीतून सहाला घरी आले, पडवीत आंब्याच्या पेट्या आणि पेंढा, गडी चहाची वाट बघत बसलेले, नवरा फोनवर भावावरून घासाघीस करतोय, पोरं भुकेने कावलेली, आणि मी कपडेसुद्धा न बदलता पोळ्या लाटायला घेतल्या. तिसऱ्या पोळीला कपाळावरचा घाम सरळ पोळपाटावर टपकला. गॅस बंद केला आणि मागच्या दारी पायरीवर जाऊन बसले. कणकेचा गोळा तसाच. त्या रात्री सगळ्यांनी दूध-पोहे खाल्ले आणि कुणी मेलं नाही.

नागपूरची मैत्रीण हसते मला, आमच्याकडे 45 आणि तुम्ही 34 ला रडता म्हणे. अगं बाई, हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट मोजताना सपाट भागाला 40 आणि किनाऱ्याला 37 असा वेगळा आकडा धरतं, ते काय उगाच? इथे घाम येतो पण वाळत नाही, अंगावर चिकटून बसतो. माहेरी साताऱ्याला माठातलं पाणी प्यायलं की दातात कळ जायची, म्हणून लग्नानंतर हौसेने तिकडचा माठ देवगडला आणला, बसमध्ये मांडीवर घेऊन, तर पाणी आपलं कोमट ते कोमटच. माठालाही घाम वाळवायला कोरडी हवा लागते हे तेव्हा डोक्यात शिरलं. आता त्यात कुळीथ ठेवते.

तर नियम असा की गॅस सकाळी सहा ते पावणेसात, बस. भात, एक उसळ नाहीतर डाळ, वेळ उरला तर आठ-दहा घावणे (तांदळाचं पीठ पाण्यात पातळ कालवायचं, मीठ घालायचं, आंबवणं नाही की काही नाही, म्हणून मला ते पोळीपेक्षा शंभर पटीने परवडतात), आणि सगळ्यात शेवटी एकच मोठी फोडणी. मोहरी, हिंग, सुकी मिरची, कढीपत्ता. अर्धी लगेच उसळीवर आणि अर्धी स्टीलच्या छोट्या डब्यात झाकून ठेवायची, संध्याकाळी जे काही कालवलेलं असेल त्याच्यावर चमच्याने घालायची. कढीपत्ता मात्र पूर्ण कुरकुरीत होऊ द्यायचा, ओलसर राहिला तर संध्याकाळी सगळ्या डब्याला वास मारतो, पहिल्या आठवड्यात दोनदा फेकलीय मी.

आज संध्याकाळी दडपे पोहे केले. मला विचाराल तर उन्हाळ्यात दमलेल्या माणसासाठी याच्यासारखी गोष्ट नाही. पातळ पोहे माणशी दीड-दोन मुठी, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी पोह्यांवर शिंपडायचं, साधं पाणी नाही हं, चवीचा सगळा फरक तिथेच आहे. मग ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, काकडी, किसलेली कैरी, मिरची-कोथिंबीर, मीठ आणि चिमूटभर साखर, हाताने दाबून झाकण ठेवायचं आणि वर पाण्याने भरलेला तांब्या. पंधरा मिनिटं दडपून ठेवायचे म्हणून दडपे. तेवढ्यात माझी अंघोळ होते. बाहेर आलं की सकाळची फोडणी वरून, पोह्याचे पापड चुरून, झालं जेवण. गेल्या आठवड्यात नवऱ्याने दुकानातून जाडे पोहे आणले, पोहे ते पोहे म्हणे, तासभर दडपले तरी दाताखाली कचकच आणि धाकटा विचारतो आई हे कच्चं आहे का. तेव्हापासून पिशवीवर मी मार्करने मोठ्ठं लिहून देते, पातळ.

सासूबाई मात्र खूश नव्हत्या. ताटाकडे बघून पहिला प्रश्न, "ह्यां काय जेवाण गो? भात खंय?" सकाळचा भात त्यांना वाढला, बरोबर तिवळ दिलं तेव्हा गप्प बसल्या. तिवळ म्हणजे आमसुलं पाण्यात भिजवून कोळायची, मीठ, ठेचलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, नखभर हिंग, दुसरं काही नाही. सोलकढी जास्त आवडते सगळ्यांना पण नारळाचं दूध सकाळी काढून ठेवलं तर या लाईटच्या भरवशावर संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही, आणि संध्याकाळी सहाला दूध काढत बसायला माझ्यात जीव नसतो.

बुधवार

आज लिहायला त्राण नाही, फक्त किसमूर नोंदवते. गोलमा, म्हणजे सुका जवळा, निवडून सकाळी तव्यावर कोरडाच भाजून बरणीत भरला, घरभर वास, शेजारच्या दोन मांजरी खिडकीत. संध्याकाळी त्यात कच्चा कांदा, खोबरं, लाल तिखट, थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि खोबरेल तेल. कालवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मीठ चाखून घालायचं, जवळा खारट असतो. गार भाताबरोबर चिरंजीवांनी तीनदा घेतलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा याच रविवारच्या बाजारात आणखी दोन किलो घेऊन ठेवायला हवा, पाऊस लागला की हाच आधार.

शनिवार, रात्री उशिरा

कोकणकन्येने काल नणंदबाईंचा ताफा उतरला, कणकवलीहून दोन रिक्षा भरून. एकूण माणसं अकरा. नवऱ्याने हळूच विचारलं, आता तरी गॅस लावशील ना? मी म्हटलं बघू.

हापूस विकायचा, रायवळ खायचा हा आमच्या घरचा रिवाज, त्यामुळे परसातल्या बिटक्यांची, म्हणजे छोट्या रायवळ आंब्यांची, पाटी भरलेली होतीच. सासव करायचं ठरवलं. आंबे सोलून सालीचा रस पिळून घ्यायचा, आंबे तसेच बाठ्यासकट टोपात, गूळ, मीठ, आणि खोबरं-सुकी मिरची-मोहरीचं वाटण. काही घरांत शिजवतात, मी अर्थातच नाही. सुट्टी होती म्हणून दुपारी निवांत करायला घेतलं आणि तिथेच माती खाल्ली, मोहरी खोबऱ्याबरोबरच मिक्सरला लावली आणि गुळगुळीत होईपर्यंत फिरवत बसले. चाखलं तर कडूजहर. अकरा माणसांचं सासव! रडूच यायचं बाकी होतं.

सासूबाई अंगणात सोलं वाळत घालत होत्या (रातांब्याची सालं रसात बुडवून उन्हात, परत बुडवून परत उन्हात, पावसाच्या आत हे सगळं उरकायची त्यांची घाई वेगळीच), त्या लाल हातांनी आत आल्या, बोट लावून चाखलं आणि काहीच बोलल्या नाहीत. अजून अर्धा नारळ वाटायला सांगितला, नुसता, गूळ वाढवला, आणखी सहा-सात आंबे सोलून त्यात टाकले. मोहरी म्हणे अगदी शेवटी घालायची आणि मिक्सर एकदाच फिरवून बंद करायचा, पाट्यावर वाटताना हात दुखतो म्हणून आपोआपच कमी वाटली जायची, तुमच्या मशीनला हात दुखत नाही ना. टोमणा होता पण बरोबर होता.

मग तिथेच पाट मांडून बसल्या आणि बोलत सुटल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा काढणीच्या दिवसांत घरात पंचवीस-तीस माणसं असायची, गडी धरून. पहाटे चुलीवर उकड्या तांदळाची पेज चढायची, मोठा टोप भरून, आणि दहाच्या सुमाराला सगळ्यांना तीच, लोणच्याचा खार नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. दुपारनंतर चुलीकडे कोण फिरकत होतं, म्हणाल्या, रात्री उरलेला भात आणि तिवळ. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे महिनाभर ताटाला नाव ठेवत होत्या ते? तर म्हणे तेव्हा नाइलाज होता गो, आता तुझ्याकडे गॅस हा. यावर मला काही उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

रात्री पंगत बसली. सकाळचे घावणे गार, त्यावर सासव, उरलेल्या काजूगरांची उसळ, पोरांना घावण्यात घट्ट दही आणि काकडीचा कीस भरून गुंडाळी करून दिली, मुंबईच्या भाच्याने तिला रोल असं नाव दिलं आणि चार खाल्ले. नणंदबाईंनी सासवातला आंबा चोखता चोखता विचारलं, वहिनी किंचित कडवट लागतंय का गं? मी तोंड उघडायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, बिटकेच तसे आसत यंदा.

आत्ता सगळे झोपलेत, ओटा कोरडा आहे. मगाशी उद्याचं विचारायला गेले तर सासूबाई आडाळ्यावर बसून नारळ खवत होत्या, रात्री साडेदहाला, उद्याच्या दडप्या पोह्यांना म्हणे. वर न बघता विचारलं,

"सकाळची फोडणी उरली हा मा?"